बंदुकीचं मधलं तोंड

"आधी आवळ तोंड बसव," मामंजी म्हणाले, "आणि कर बार."

बंदूक त्यांनी माझ्या हातात दिली तेव्हा मला वाटलं, धरायला दिली. मी ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन उभी राहिले. दसऱ्याला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचं, एवढाच त्या घरात बायकांचा बंदुकीशी संबंध.

"मी करू?"

"मग काय म्हशीला सांगू? माझा खांदा धरलाय. त्यो जत्रंसाठी राखाय पायजे. तट्ट्यावर बार कराय नेम लागत न्हाई. नळीचं काम नळी करती. तू नुसता चाप ओढायचा."

मामंजी म्हणजे माझे सासरे, बाबाजी गावडे. तरुणपणी ते बेळगावच्या एका गोऱ्या साहेबाकडे शिकारी म्हणून होते. रान दाखवायचं, जनावर उठवायचं, बंदुका पुसायच्या. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने आपली एकनळी बंदूक मामंजींना देऊन टाकली. तिच्याबरोबर पेचाने फिरवून नळीच्या टोकाला बसवायची तीन पोलादी नळकांडीही दिली. साहेब त्यांना चोक म्हणायचा. आमच्या घरात त्यांना तोंडं म्हणत. एक आवळ तोंड, एक मधलं, एक मोकळं. आवळ तोंडातून छर्रे एकमेकांना धरून मुठीसारखे जातात, मोकळ्यातून फेकलेल्या बियाण्यासारखे पसरतात, मधलं त्या दोहोंच्या मधे. ओळखण्यासाठी आवळ तोंडावर दोन खाचा होत्या, मधल्यावर एक, मोकळं सपाट. 

ही गोष्ट पासष्टची लढाई संपली त्यानंतरच्या चैत्रातली. तेव्हा शिकारीचे कायदे आजच्यासारखे नव्हते. आमचं हेळेवाडी गाव चंदगडच्या खाली, रान जिथून घाट उतरून कोकणात जातं त्या काठावर. चैत्रात आमच्या सातेरीची जत्रा. देवीला पहिला नैवेद्य रानकोंबड्याचा, आणि तो आणण्याचा मान गावड्यांचा. पण मान म्हणजे नुसता कोंबडा आणून टाकणं नव्हे. तो त्याच पहाटे मारलेला हवा, एकाच बारात पडलेला हवा, आणि त्याचा तुरा शाबूत हवा. जखमी करून मागून मुरगाळलेला देवीला चालत नाही. तुऱ्याला छर्रा लागून तो फाटला तरी चालत नाही. मुंडी तुऱ्यासकट देवीच्या पायरीवर ठेवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालताना बार करणाऱ्याचं नाव घेतो. लागोपाठ दोन वर्षं नैवेद्य चुकला तर मान पुढच्या घराकडे जातो. पुढचं घर सावंतांचं.

आदल्या वर्षी मामंजींचा कोंबडा जखमी होऊन जाळीत घुसला आणि सापडला नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच घडलं होतं. मामंजींनी काडतूस सर्दावलं होतं असं सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि कुणाचाच विश्वास बसला नाही.

आमचे हे असते तर प्रश्नच नव्हता. पण ते पलटणीत, तिकडे ईशान्येला नेफाच्या सरहद्दीवर, आणि त्या वर्षी कुणालाच रजा नव्हती. दुसरा मुलगा नाही. तेव्हा मामंजींनी जत्रेच्या आधीच तिन्ही तोंडं काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले की यंदा नीट पारखून बघू, कुठलं तोंड लावायचं ते.

परसातल्या आंब्याला तट्ट्या टेकवला होता. बांबूचा, माणूसभर उंच. आदल्या दिवशी मामंजींनी तो मला शेणाने जाड सारवायला लावला आणि वरून चुन्याचा हात मारायला सांगितला. छर्रा गेला की पांढऱ्यावर काळं भोक दिसायचं. मधोमध मी कोळशाने कोंबडा काढला आणि त्याचा तुरा गेरूने रंगवला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या सूप घेऊन दारात आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुरा हाय म्हणून कोंबडा म्हनायचा. न्हाईतर घुबडच हाय."

मामंजींनी गोठ्याच्या मेढीजवळ दोन फाट्यांचं एक दुबेळकं रोवलं. त्यावर नळी टेकवायला लावली, दस्ता खांद्यात घट्ट बसवायला लावला. "ढिला धरलास तर गाढवावानी लाथ मारंल," म्हणाले. नळीच्या टोकावरची पितळी माशी कोंबड्यावर धर, श्वास निम्मा सोड, आणि चाप ओढू नको, दाब. लिंबू पिळताना बी फुटू नये म्हणून दाबतो तसा.

बार झाला तेव्हा कोंबड्या ओरडत पळाल्या आणि मला क्षणभर काहीच ऐकू येईना. खांदा भरून आला होता. पण मी डोळे मिटले नव्हते, हे माझं मलाच नवल वाटलं.

आम्ही तट्ट्याजवळ गेलो. मामंजींनी जे केलं ते मी त्या वेळी बारकाईने बघितलं नसतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. ते तट्ट्यासमोर उभे राहिले, पण बघितलं नाही. तळवा टेकवला आणि आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे बोटांनी भोकं चाचपत गेले. मग मला म्हणाले, "सांग, कसा पडलाय?"

ऊन लख्ख होतं. तुऱ्याचा गेरू मला गोठ्यापासून दिसत होता.

मी सांगितलं की कोंबड्याची छाती, मान, डोकं, सगळं एकाच मोठ्या भोकात गेलंय. तुऱ्याची नुसती लाल धूळ राहिली आहे.

"हं. सारव पुन्ना."

मी शेणाचा हात फिरवला. भोकं बुजवताना बोटांना कळत होतं, कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ. चुना वाळेपर्यंत मी आत जाऊन भाकऱ्या केल्या. पण मन भाकरीत नव्हतं. गेले कित्येक दिवस मामंजी ताटातला ठेचा हाताने शोधत होते. ओसरीची पायरी उतरताना आधी पाय लोंबकळत ठेवत होते. मला वाटलं होतं म्हातारपण. ते म्हातारपण नव्हतं. मागच्या वर्षी काडतूस सर्दावलं नव्हतं.

मी आत्याबाईंना हळूच विचारलं, मामंजींना दिसतं ना नीट? त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाल्या की बुबुळावर मोतीबिंदूचा सारा आलाय, बेळगावच्या डॉक्टरनं बघितलंय, पण तू हे बोलू नकोस, ते कुणाला कळलेलं त्यांना चालायचं नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ते सांगतील तसं कर म्हंजे झालं."

तेव्हा मी मनात ठरवलं. मामंजींना जत्रेदिवशी मोकळं तोंड द्यायचं. नेम हातभर चुकला तरी पसरलेल्यातला एखादा छर्रा कोंबड्याला आडवा करील. कोंबडा जवळ येऊ द्यायचा, मग झालं. पण हे त्यांना त्यांच्या डोळ्यांमुळे आहे असं वाटता कामा नये. तुऱ्याचं निमित्त करायचं.

पुढचे काही दिवस आमच्या परसात रोज बार होऊ लागले. शेजारच्या सावंतांचा जोती बांधावरून जाताना थांबायचा. जोती सावंत मामंजींपेक्षा वयाने लहान, हौशी माणूस, नवी कोरी दोननळी घेतलेला. त्याच्याच घराकडे मान जाणार होता, म्हणून त्याला आमच्या बारांची मोजदाद जास्त.

"गावडेतात्या, दिवाळी चैत्रात आणलीसा काय?"

"तुझ्या घरात फराळ पाठवाय सांगतो," मामंजी म्हणाले.

"तट्ट्या चांगला मारती तुमची सून. पर एक सांगू, तट्ट्याला पाय नसत्यात." आणि जाता जाता, जणू सहज, "आम्ही बी एक कोंबडा बघून ठेवलाय. तुमचा काय घोळ झालाच तर देवी उपाशी र्‍हाऊ नये."

तो गेल्यावर मामंजी गोठ्याकडे वळले. दुबेळकं उपटून त्यांनी बाजूला फेकलं. "आता टेकू न घेता मार," म्हणाले. "टेकूवर नळी येगळी वागती, हातात येगळी."

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले की उकिडवी बसून मार, रानात आडोशाला बसूनच बार होतो, बसल्यावर छर्रा कसा जातो ते बघितलं पाहिजे. तेही पटलं. मग तट्ट्या झुडपामागे ठेवून मला जागा बदलून मारायला लावलं. मी प्रत्येक वेळी सारवत होते, कोंबडा काढत होते, बार करत होते आणि सांगत होते. सांगताना खरं तेच सांगायचं असा माझा नियम होता, फक्त शेवट मला हवा तिकडे वळवायचा.

मोकळ्या तोंडाने छर्रे तट्ट्याभर विखुरले. कोंबड्याच्या अंगात थोडेच, आणि दोन छर्‍यांच्या मधे हाताचा पंजा बसेल एवढ्या जागा. जवळून मारलं तरच काम होईल असं ते तोंड. मधल्या तोंडाने घेर परातीएवढा, आणि आत सगळीकडे सारखे पडलेले. पहिल्यांदा त्यानेही तुऱ्यात दोन भोकं पाडली. मग मला एक सुचलं. मी माशी कोंबड्याच्या छातीवर न धरता खाली, पाय फुटतात तिथे धरली. घेर खाली सरकला, अंग भरलं आणि मान संपते तिथे छर्रे संपले. गेरूचा तुरा जसाच्या तसा.

मी धावत जाऊन मामंजींना सांगितलं. ते बोटांनी खालपासून वरपर्यंत भोकं चाचपत गेले आणि तुऱ्याच्या जागी त्यांची बोटं सपाट चुन्यावरून फिरली. एकदा, पुन्हा एकदा.

"खाली धरायचं कुणी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. वाटलं."

ते फक्त म्हणाले, "असंच अजून मार." मी मारलं. पुन्हा तुरा वाचला. पुन्हा जागा बदलून मारलं. पुन्हा वाचला.

आता त्यांना मधलंच तोंड हवंसं वाटणार, अशी मला भीती वाटली. त्या घेरात त्यांचे डोळे कोंबडा कसा बसवणार? म्हणून रात्री जेवताना मी विषय काढला. म्हटलं, मामंजी, मधलं तोंड चांगलं आहे, पण एखादा छर्रा वर गेला की तुरा गेला. मोकळ्यात तुऱ्यात छर्रा जायची शक्यताच कमी. कोंबडा जरा जवळ येऊ दिला की झालं. माझ्या मते मोकळंच लावावं.

मला वाटलं होतं ते चिडतील. साहेबाच्या हाताखाली घडलेला शिकारी, त्याला मोकळं तोंड म्हणजे चिमण्या मारायचं. पण त्यांनी भाताचा घास केला, खाल्ला, आणि म्हणाले, "तू म्हनतीस तर मोकळं."

मी पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेले आणि जिंकल्यासारखी उभी राहिले. एवढ्या सहज ते कधीच कुणाचं ऐकत नसत, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी बार करणाऱ्याने उपास धरायचा असतो. मामंजींनी धरला. आत्याबाईंनी मलाही धरायला लावला. म्हणाल्या, तू पिशवी घेऊन बरोबर जाणार, बरोबरच्या माणसानंही धरावा, चालतं. संध्याकाळी मी मोकळं तोंड खोबरेल लावून नळीच्या टोकाला घट्ट बसवलं, बंदूक खुंटीला टांगली आणि देवीला हात जोडले.

पहाटे अंघोळ करून आम्ही निघालो. अजून तांबडंही फुटलं नव्हतं. मामंजींनी मला पुढे चालायला सांगितलं. "दव झाडत चल, माझं धोतर भिजतंय." बंदूक त्यांच्या खांद्यावर, दुसरा हात माझ्या खांद्यावर. वाट त्यांना पाठ होती. मी जिथे चुकत होते तिथे ते माझा खांदा दाबून वळवत होते. डोळ्यांनी मी बघत होते आणि वाट ते सांगत होते, अशी आमची वरात तिलारी नदीच्या अंगाच्या दरडीखाली पोचली.

तिथे करवंदीच्या जाळीला लागून त्यांनी आधीच डहाळ्यांचा आडोसा करून घेतला होता. समोर वाळक्या पाल्याची मोकळी जागा. आम्ही आत उकिडवे बसलो. रान हळूहळू जागं होत होतं. मग वरच्या अंगाला पहिली बांग झाली. रानकोंबड्याची बांग गावठी कोंबड्यासारखी लांब नसते. तुटक असते, आणि शेवटी गळ्यातल्या गळ्यात मिटते.

मामंजींनी बोटांनी पाला उकरायला सुरुवात केली. दोनदा उकरायचं, थांबायचं. कोंबडी दाणे शोधते तसं. मधेच घशातून बारीक आवाज काढायचा. वरची बांग थांबली. मग ती खाली आली. पुन्हा उकरणं, पुन्हा आवाज. माझ्या मांड्या भरून आल्या होत्या, पण हलायची सोय नव्हती.

तेवढ्यात मामंजींनी बंदूक माझ्या मांडीवर ठेवली.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "तू मार."

मी मान हलवून नाही म्हटलं. पण हात नळीवर गेला होता, आणि टोकाच्या तोंडावर बोटाला खाच लागली. एक खाच. मी संध्याकाळी सपाट तोंड बसवलं होतं.

"हे मधलं हाय," मी कुजबुजले.

"व्हय. रातच्याला मी बदललं."

"मोकळं तुमच्यासाठी..."

"ठावं हाय." त्यांचा आवाज पाल्यासारखा कोरडा होता. "मोकळं माझ्या डोळ्यांला होतं. हे तुझ्या डोळ्यांला हाय. इतकं दिस मी काय तोंड पारखत होतो व्हय? तिन्ही तोंडं मला पाठ हाईत. तुला पारखत होतो."

मला एकदम सगळे दिवस दिसले. दुखणारा खांदा. उपटलेलं दुबेळकं. उकिडवं बसणं. आत्याबाईंनी धरायला लावलेला उपास. मी मामंजींना फसवते आहे असं समजून मनात मांडे खात होते, आणि ते मला तट्ट्यापासून या आडोशापर्यंत खांद्याला धरून वळवत आणत होते.

"लोक काय म्हनतील?"

"आधी मार, मग बघू. आवळ तोंड लावलं असतं तर तुझ्याच नेमानं तुरा फुटला असता. मोकळं चुकणाऱ्याला लागतं. तू चुकत न्हाईस. खाली धर. मान वर करू दे त्याला, मगच."

कोंबडा जाळीतून बाहेर आला होता. तट्ट्यावरच्या कोंबड्याला मी तुऱ्याशिवाय रंग दिला नव्हता, म्हणून की काय, तो जिवंत रंग बघून मी क्षणभर विसरले कशाला आले ते. मानेवर सोन्याचे ठिपके, शेपटी काळी निळी, आणि तुरा पेटल्यासारखा लाल. तो खाली मान घालून पाला उकरत पुढे आला. मामंजींनी आता आवाज बंद केला. ते त्याला बघू शकत नव्हते. माझ्या श्वासावरून त्यांना कळत असावं तो कुठवर आला ते.

मी दस्ता खांद्यात बसवला. कोंबडा थांबला. त्याला काहीतरी वेगळं वाटलं असावं. त्याने मान ताठ वर केली आणि आमच्या जाळीकडे बघितलं. माशी मी त्याच्या पायांच्या मुळाशी धरली. श्वास निम्मा सोडला.

बारानंतर पाला उडाला आणि खाली बसला. कोंबडा जागच्या जागी आडवा होता. पंखसुद्धा फडफडले नाहीत.

मी उठून धावणार तर मामंजींनी माझं मनगट धरलं. "पळू नको. शिकारी पळत न्हाई. चालत जा आणि तुरा बघ."

मी चालत गेले. कोंबडा उचलला. तो ऊबदार होता आणि वाटलं त्यापेक्षा हलका. तुरा बोटांनी नीट उलगडून बघितला, एकेक दाता. कुठेही भोक नाही, ओरखडा नाही. मी परत येऊन तो मामंजींच्या हातात दिला. त्यांनीही तो बोटांनी बघितला, तसाच, एकेक दाता. मग उपरण्यात गुंडाळला.

परतीच्या वाटेवर मी त्यांना विनवलं. बार तुम्हीच केला म्हणून सांगा. मान राहील, कुणाचं बोलणं नको. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी ते हो धरलं.

देवळापुढे गाव जमलं होतं. ढोल थांबले. भिवा गुरव पायरीवर उभा होता. मामंजींनी उपरणं सोडून कोंबडा त्याच्या ताटात ठेवला. गुरवाने तो उचलला, फिरवला, तुरा वर धरून सगळ्यांना दाखवला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "बार कुणाचा?"

"माझ्या सुनंचा," मामंजी म्हणाले.

मी बायकांत उभी होते. पदर आणखी पुढे ओढला. पुरुषांच्या बाजूने कुजबुज सुरू झाली आणि वाढत गेली. कुणी म्हणालं असं कधी झालं नाही. कुणी म्हणालं, मान घराचा आहे, घरातलं माणूस म्हटलंय, पुरुष कुठे म्हटलंय. पोलीस पाटलांनी परवाना कुणाच्या नावाचा असं काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि देवीच्या दारात तो विषय नको म्हणून मिटलं. मग कुणीतरी मोठ्याने म्हणालं की बार करणाऱ्याला उपास लागतो, हिने कुठे धरलाय?

"धरलाय," आत्याबाई माझ्या शेजारून म्हणाल्या. एवढ्या पुरुषांपुढे त्या कधी बोलल्याचं मला आठवत नाही. "मी सवता उपाशी ठेवलीया तिला कालपासनं. पाण्याबिगर काय गेलं असंल पोटात, तर इचारा देवीलाच."

हशा झाला. आणि त्या हशात जोती सावंत पुढे आला. बोलायचा हक्क त्याचाच होता. मान त्याच्या दारात येऊन उभा होता.

त्याने गुरवाच्या हातातून कोंबडा घेतला. पिसं फुंकून मागे सारली, छाती बघितली, मांड्या बघितल्या, बोटाने छर्रे चाचपले. कितीतरी वेळ. मग मान वर करून बायकांच्या बाजूला वळला आणि सरळ मला विचारलं. मामंजींना नाही, मला.

"तोंड कुठलं लावलं होतंस?"

मी पदराआडून म्हणाले, "मधलं."

"नेम कुठं धरलास?"

"पायाच्या मुळाशी. मान वर केल्यावर."

जोतीने कोंबडा पुन्हा एकदा बघितला. "मी आवळ लावलं असतं," तो म्हणाला, जणू स्वतःशीच. "तुरा गेला असता माझा." आणि त्याने कोंबडा गुरवाच्या ताटात परत ठेवून ताटाला हात लावून नमस्कार केला. "घाल रं भिवा गाऱ्हाणं. देवीला कशाला ताटकळत ठेवतोस?"

गुरव पायरीवर चढला. हात जोडले. सातेरीला हाक घातली, बारा गावांच्या देवांना हाक घातली, आणि गावड्यांच्या नैवेद्यापाशी येऊन अडला. वाकून मामंजींना म्हणाला, "तात्या, नाव काय घेऊ? गावड्यांची सून म्हनू?"

मला त्या गावात येऊन तिसरं वर्ष चाललं होतं. घरात मी पोरी होते, सूनबाई होते. पाणवठ्यावर पलटणवाल्याची बायको होते. माझं नाव गुरवाला ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्याचा दोष नव्हता.

मामंजी ताठ उभे राहिले.

"नावानं म्हन. सगुणा. सगुणा गावडे."

"बा देवी सातेरी," गुरवाचा आवाज देवळाच्या छपराला लागला, "हा तुझ्या लेकीनं, सगुणा गावडेनं, एका बारात, तुऱ्यासकट आणलेला नैवेद्य तू गोड मानून घे..."

"व्हय महाराजा," सगळं गाव म्हणालं.

त्यात मामंजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.